काटकोन, साखळी आणि बांधाचा दगड

म्हैसूर जिल्ह्यातील एखाद्या तालुका कचेरीत मराठी माणूस काही कामानिमित्त गेला, तर भाषा न समजताही तेथील पुष्कळ शब्द त्याच्या कानाला ओळखीचे वाटतात. जमिनीच्या उताऱ्याला तेथे ‘पहणी’ म्हणतात. शेताच्या मोजणीचे मूळ रेखाटन म्हणजे ‘टिप्पणी’ किंवा ‘टिप्पण’, क्षेत्र आणि आकार यांचे पत्रक म्हणजे ‘आकारबंद’, लागवडीस निरुपयोगी भाग म्हणजे ‘खराबु’, वाटणीचा तुकडा म्हणजे ‘हिस्सा’, हद्द कायम करून देणे म्हणजे ‘हद्दुबस्तु’ आणि हद्दीचा दगड म्हणजे ‘बांदु कल्लु’. यातील ‘कल्लु’ म्हणजे दगड एवढाच काय तो कन्नड शब्द. ‘बांदु’ हा आपलाच बांध होय. कर्नाटक सरकारने मोजणीच्या अर्जांसाठी जी संगणक प्रणाली उभारली, तिचे नावही ‘मोजिणी’ असेच आहे.

या शब्दांचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. पण प्रशासनाच्या अभ्यासकाने पुढचा प्रश्न विचारावयास हवा. शब्द एकटे प्रवास करीत नाहीत. ते एखाद्या कार्यपद्धतीबरोबर येतात. मग हे शब्द ज्या पद्धतीबरोबर म्हैसुरात रुजले, ती पद्धत कोणती, आणि तिचा कणा कोणता? माझ्या मते त्याचे उत्तर शाळेच्या भूमितीतील एका साध्या आकृतीत, म्हणजे काटकोनात आहे. महसूल प्रशासनाचा इतिहास लिहिताना आपण दर, सूट, थकबाकी आणि कायदे यांची चर्चा करतो. परंतु शेताच्या मुख्य रेषेवर लंब टाकणारा मोजणीदार तो काटकोन कसा काढत होता, याकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः शेतकऱ्याच्या दृष्टीने पुष्कळसा इतिहास त्या कोपऱ्यातच घडला आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. मराठी ही म्हैसूरच्या दफ्तराला अपरिचित भाषा नव्हती. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती आणि त्या निमित्ताने मराठी कारकुनी त्या भागात स्थिरावली. हैदर आणि टिपू यांच्या काळीही कन्नड व फारसीबरोबर मराठीतून हिशेब ठेवले जात. मात्र जमीन मोजण्याची तेथील जुनी रीत अगदी वेगळी होती. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर 1800-01 साली फ्रान्सिस बुकॅनन याने म्हैसूर प्रदेशातून प्रवास करून शेतीची सविस्तर माहिती लिहून ठेवली. तिच्यात जमिनीचे माप बहुधा बियाण्यात सांगितलेले आढळते: इतके खंडुग किंवा इतके कोळग बी जेथे पेरले जाते, तेवढी ती जमीन. आपल्याकडील खंडीशी या खंडुगाचे नाते उघड आहे.

ही रीत अडाणीपणाची होती असे समजण्याचे कारण नाही. बियाण्याच्या मापात जमिनीचा पोत आणि पिकाचा प्रकार आपोआप येतो. राजाला किती धान्य मिळेल, हा प्रश्न असेल तर हे माप पुरेसे आहे. मात्र दोन शेजाऱ्यांमधील बांध कोठे आहे, या प्रश्नाला ते उत्तर देऊ शकत नाही. कोळगभर बी पेरता येणारी जमीन लांबट आहे की चौकोनी, तिचा कोपरा झाडाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे बियाण्याला ठाऊक नसते.

महाराष्ट्रात याहून वेगळी, लांबीच्या मापाची परंपरा होती. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या देखरेखीखाली झालेल्या मोजणीतील काठी पाच हात पाच मुठींची होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद, म्हणजे 400 चौरस काठ्यांचा एक बिघा. असे 120 बिघे म्हणजे एक चाहूर. ‘वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद’ असे म्हणताच त्यात काटकोन गृहीत धरलेला असतो. तो गृहीत धरला नाही, तर काय होते ते पाहण्यासारखे आहे.

समजा, एका शेताच्या चारही बाजू सारख्या लांबीच्या आहेत. कोपरे काटकोनी असतील तर ते चौरस; पण तेच शेत एका अंगाला कलले, तर बाजू तेवढ्याच राहून क्षेत्र घटते. कोपऱ्याचा कोन 60 अंशांचा झाला, तर चौरसाच्या शंभर भागांपैकी सुमारे साडेशहाऐंशी भागच उरतात. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून लांबी-रुंदीचा गुणाकार करण्याचा एक जुना ठोकताळा आहे. त्याने क्षेत्र कधीही कमी भरत नाही. कोपरे काटकोनी नसतील तर ते नेहमी जास्तच भरते. सातव्या शतकात ब्रह्मगुप्ताने या ठोकताळ्याला ‘स्थूल’ फळ म्हटले आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त आणखी पुढे जाऊन बजावले, की केवळ चार बाजू सांगून चौकोनाचे क्षेत्र विचारणेच चुकीचे आहे, लंब किंवा कर्ण यांपैकी काही तरी सांगितलेच पाहिजे. असा प्रश्न विचारणाऱ्याला आणि त्याचे उत्तर देणाऱ्याला त्यांनी चक्क पिशाच म्हटले आहे! ज्याच्या शेतावर कर बसावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने ही शिवी अगदी योग्य म्हणावी लागेल. लंब न घेता मोजलेल्या तिरक्या शेताचा मालक अस्तित्वात नसलेल्या जमिनीचा सारा भरत असतो.

एकोणिसाव्या शतकात ही गोष्ट सरकारी पातळीवर ऐरणीवर आली. पेशवाईनंतर मुंबई इलाख्यात 1820च्या दशकात आर. के. प्रिंगल यांनी पुणे भागात मोजणी व आकारणी केली. निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धांतावर उभारलेली ही आकारणी व्यवहारात फसली. त्यानंतर 1835 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीला आरंभ केला. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्यक्ष मोजणी, मातीची प्रतवारी आणि तीस वर्षे न बदलणारा दर ही तिची मुख्य अंगे. 1847 च्या संयुक्त अहवालात गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांनी या पद्धतीचे नियम पक्के केले. महाराष्ट्रातील सर्व्हे नंबर, टिपण आणि आकारबंद यांचा उगम या व्यवस्थेत आहे.

मोजणीसाठी माणसे तयार करण्याचे काम त्याही आधी सुरू झाले होते. 1820च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या संस्थेत देशी विद्यार्थ्यांना गणित, भूमिती आणि मोजणी देशी भाषांतून शिकविली जात असे, आणि त्यासाठी इंग्रजी गणितग्रंथांची मराठी भाषांतरे केली जात. म्हणजे आधुनिक भूमिती मराठीत आली ती केवळ विद्येच्या हौसेने नव्हे. तिच्यामागे महसुली मोजणीची निकडही होती.

हीच मुंबई पद्धत 1863 साली म्हैसुरात नेण्यात आली. म्हैसूर संस्थानचा कारभार 1831 पासून कंपनीच्या, व पुढे ब्रिटिश सरकारच्या, कमिशनरांकडे होता आणि त्या वेळी बाउरिंग हे कमिशनर होते. मुंबई इलाख्यातील मोजणी खात्यात काम केलेले मेजर डब्ल्यू. सी. अँडरसन यांच्याकडे ही जबाबदारी आली आणि संस्थानच्या उत्तरेकडील भागातून काम सुरू झाले. 1881 मध्ये संस्थान वोडेयर घराण्याला परत मिळाले, तरी मोजणी त्याच पद्धतीने पुढे चालू राहिली. इंदापुरात तयार झालेली रीत अशा प्रकारे कावेरीच्या काठी पोचली. आणि रीतीबरोबर टिपण, आकारबंद, खराबा व बांध हे शब्दही तेथे कायमचे वस्तीला गेले.

येथे एका गोष्टीची गल्लत टाळावयास हवी. म्हैसूरचे नाव भूमापनाच्या इतिहासात आणखी एका कारणाने घेतले जाते. श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर कॉलिन मॅकेन्झी यांनी म्हैसूरचे सर्वेक्षण हाती घेतले आणि विल्यम लॅम्टन यांनी 1800 मध्ये बंगळूरजवळ आपली पहिली पायारेषा मोजली. 1802 मध्ये मद्रासजवळ सेंट टॉमस माउंट येथे सुरू झालेले त्यांचे काम पुढे त्रिकोणमितीय महासर्वेक्षण म्हणून जगप्रसिद्ध झाले. लॅम्टन उत्तरेकडे सरकत असताना 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावले व तेथेच त्यांची समाधी आहे. परंतु हे मोठे सर्वेक्षण त्रिकोणांचे होते. लॅम्टन यांच्याजवळ अवजड थिओडोलाइट होते; कोणताही कोन ते अंश-कलांपर्यंत मोजू शकत. गावच्या मोजणीदाराजवळ असे यंत्र नव्हते. त्याला एकच कोन काढता येत असे आणि तो म्हणजे काटकोन. साम्राज्याचा नकाशा त्रिकोणांवर उभा राहिला. शेतकऱ्याचा सातबारा आणि म्हैसूरची पहणी यांतील क्षेत्र मात्र काटकोनावर उभे राहिले.

गावच्या मोजणीची साधने दोनच. पहिले म्हणजे 33 फुटांची साखळी. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात एडमंड गंटर यांनी 66 फुटांची साखळी रूढ केली होती. ही तिच्या निम्मी. तिचे सोळा भाग, आणि प्रत्येक भागाला नाव ‘आणा’. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. या मापाची खुबी अशी, की एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे 1,089 चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे 40 गुंठे म्हणजे 43,560 चौरस फूट, बरोबर एक एकर. साखळीला आण्याने गुणले, की गुंठ्याचा आणा मिळतो. म्हणजे रुपयाचे आणे मोजता येणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला आपल्या शेताचे क्षेत्र स्वतः काढता यावे, अशी ही सोय होती. महाराष्ट्रातला ‘गुंठा’ आणि म्हैसूरकडची ‘गुंटे’ आजही तेच माप सांगतात. जमिनीच्या जाहिरातीत गुंठ्यांचा भाव वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यामागील 33 फुटांची साखळी ठाऊक असते.

दुसरे साधन म्हणजे क्रॉस स्टाफ. टोकदार काठीवर बसविलेला एक लाकडी किंवा धातूचा ठोकळा, आणि त्यात एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन खाचा. एवढेच हे यंत्र. आपल्याकडील भूमिअभिलेखाच्या भाषेत या मोजणीला ‘शंकू-साखळी’ पद्धत म्हणतात. शेताच्या दोन दूरच्या कोपऱ्यांमधून एक मुख्य रेषा आखावयाची, साखळी तिच्यावर अंथरावयाची आणि ठोकळा घेऊन त्या रेषेवरून चालत जावयाचे. एका खाचेतून मुख्य रेषेच्या टोकाचे निशाण दिसत असताना दुसऱ्या खाचेतून बाजूचा कोपरा ज्या जागी दिसेल, तो त्या कोपऱ्याच्या लंबाचा पाया. मुख्य रेषेवर तेथपर्यंतचे अंतर आणि लंबाची लांबी असे दोन आकडे टिपणात लिहावयाचे. अशा रीतीने कितीही वेडेवाकडे शेत काटकोन त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत विभागले जाते व त्यांचे क्षेत्र साध्या गुणाकाराने निघते. भास्कराचार्यांनी मागितलेला लंब आता प्रत्येक टिपणात हजर झाला होता.

मग प्रश्न असा येतो, की हा काटकोन चुकला तर किती बिघडते? येथे महसुली इतिहासातील एक मार्मिक बाब दडलेली आहे. उदाहरणाने पाहू. मुख्य रेषा दहा साखळ्या, म्हणजे 330 फूट आहे आणि बाजूच्या कोपऱ्याचा खरा लंब दोन साखळ्या, म्हणजे 66 फूट आहे. या त्रिकोणाचे क्षेत्र दहा गुंठे. आता समजा, ठोकळ्याच्या खाचा झिजल्या आहेत आणि त्यांच्यातील कोन 90 ऐवजी 85 अंशांचा झाला आहे. मोजणीदार थोडा भलत्याच जागी उभा राहील आणि तिरक्या रेषेने कोपऱ्यापर्यंत मोजेल. ही तिरकी लांबी भरेल सुमारे सव्वासहासष्ट फूट. जास्तीची पाव फूट लांबी आण्याच्या आठव्या हिश्श्याइतकीच असल्याने टिपणात पुन्हा ‘दोन साखळ्या’ असेच लिहिले जाईल. क्षेत्र पुन्हा दहा गुंठेच येईल. साऱ्यात एका पैचाही फरक पडणार नाही. पण लंबाचा पाया? तो मुख्य रेषेवर सुमारे पावणेसहा फूट सरकलेला असेल.

वाचकांनी या दोन परिणामांतील अंतर लक्षात घ्यावे. पाच अंशांच्या चुकीने लांबी हजारात जेमतेम चार भागांनी बदलते. पाया मात्र लंबाच्या लांबीच्या अकराव्या-बाराव्या हिश्श्याइतका सरकतो. क्षेत्र लांबीवर अवलंबून असते आणि कोपऱ्याचे स्थान पायावर. म्हणून चुकीच्या काटकोनाने सरकारचे काहीच जात नाही. जाते ते शेतकऱ्याचे. तेही त्याच दिवशी नव्हे. मोजणीच्या वेळी दगड खऱ्या कोपऱ्यावरच असतो, फक्त कागदावरील आकडे त्याला दुसरीकडे दाखवीत असतात. पन्नास-शंभर वर्षांनी दगड नाहीसा होतो, शेत नातवंडांत वाटले जाते, कोणी हद्द कायम करून मागतो. तेव्हा नवा, प्रामाणिक आणि कुशल मोजणीदार जुन्या टिपणातील आकडे घेऊन अगदी अचूक काटकोन काढतो, आणि त्याच्या अचूकपणामुळेच दगड पावणेसहा फूट दुसऱ्याच्या शेतात जातो. दोन्ही पक्ष खरे बोलत असतात. एकाच्या बाजूने वडिलोपार्जित वहिवाट असते, दुसऱ्याच्या बाजूने सरकारी कागद. बांधावरून होणाऱ्या भांडणांत लबाडी नसतेच असे नाही. परंतु काही भांडणांचे मूळ कोणाच्याही लबाडीत नसून अशा मुक्या चुकीत असते, हे महसुली अधिकाऱ्याने विसरू नये.

यावरून एक तत्त्व हाती येते. ज्या चुकीने तिजोरीला तोशीस पडत नाही, ती चूक शोधण्याची प्रेरणा शासनयंत्रणेत उपजत नसते. ती बाहेरून आणावी लागते. मुंबई पद्धतीत वरिष्ठांनी काही शेते पुन्हा मोजून पाहावीत, असा पडताळ्याचा नियम होता. तो उपयुक्तच होता. पण पडताळ्यात मुख्यतः क्षेत्राची तुलना होत असेल, तर वरच्या उदाहरणातील चूक त्या चाळणीतून अलगद निसटते. दहा गुंठे पुन्हा दहा गुंठेच भरतात.

मग ही चूक पकडावी कशी? त्याचे उत्तर काटकोनाच्या व्याख्येतच आहे. काटकोन म्हणजे 90 अंश, असे आपण शाळेत पाठ करतो. युक्लिडच्या व्याख्येत अंशांचा उल्लेखच नाही. एक सरळ रेषा दुसरीवर अशी उभी राहिली, की दोन्ही बाजूंचे कोन परस्परांशी समान झाले, तर त्यांतील प्रत्येक कोन काटकोन होय. म्हणजे काटकोन ही मुळात दोन शेजाऱ्यांमधील समानता आहे. उभी रेषा डावीकडे झुकत नाही आणि उजवीकडेही झुकत नाही. हे तपासण्यासाठी अंश मोजणारे यंत्र लागत नाही. केवळ बाजू बदलून पाहावे लागते.

क्रॉस स्टाफची परीक्षा नेमकी अशीच होते. पहिल्या खाचेतून एक निशाण पाहावे व दुसऱ्या खाचेच्या दिशेला दुसरे निशाण रोवावे. मग ठोकळा फिरवून पहिली खाच या दुसऱ्या निशाणावर आणावी. आता दुसरी खाच पहिल्या निशाणाच्या सरळ रेषेतच पडली पाहिजे. खाचांमधील कोन पाच अंशांनी कमी असेल, तर ती दहा अंशांनी चुकेल. एकदाच पाहिलेला काटकोन आपली चूक लपवितो. उलटून पाहिल्यावर तीच चूक दुप्पट होऊन समोर येते. चौकशीचे कागद एकाच बाजूने वाचणाऱ्या अधिकाऱ्याला यातून बरेच शिकता येईल.

यंत्र नसले तरी अडत नाही. यज्ञवेदी आखणाऱ्यांना दोरीने काटकोन काढता येत होता. बौधायनाच्या शुल्बसूत्रात 3 व 4, 5 व 12, 8 व 15, 7 व 24 अशा बाजूंच्या जोड्या दिल्या आहेत. आपस्तंबाने महावेदीसाठी सांगितलेली रीत तर अगदी व्यवहार्य आहे: 36 पदांच्या रेषेच्या दोन टोकांना 54 पदांच्या दोरीची टोके बांधावयाची आणि 15 पदांवर केलेल्या खुणेला धरून दोरी ताणावयाची. एका बाजूला 15, दुसऱ्या बाजूला 39 आणि पायाला 36. या त्रिकोणात 15 व 36 यांमधला कोन काटकोनच असतो. आश्चर्य म्हणजे आपल्या सोळा आण्यांच्या साखळीनेही हे सहज साधते. जमिनीवर आठ आण्यांच्या अंतरावर दोन खुंट्या रोवा. साखळीची दोन टोके त्यांना अडकवा. एका टोकापासून सहाव्या आण्याची कडी धरून साखळी ताणा. दुसऱ्या बाजूला दहा आणे राहतील. सहा, आठ आणि दहा हा 3-4-5 चाच दुप्पट केलेला त्रिकोण असल्याने ज्या खुंटीकडे सहा आणे आहेत, तेथे काटकोन तयार होतो. नंतर हेच काम रेषेच्या दुसऱ्या अंगाला करावे. दोन्ही वेळची टोके आणि मधली खुंटी एका ओळीत आली, तर साखळीबद्दल शंका नको.

रेषेबाहेरील बिंदूपासून लंब टाकावयाचा असेल, तर त्याहूनही सोपी युक्ती आहे. त्या कोपऱ्यावर दोरीचे एक टोक धरून दुसरे टोक मुख्य रेषेला दोन ठिकाणी लागेल असे फिरवावे. त्या दोन जागांचा मध्य हाच लंबाचा पाया. येथेही तत्त्व तेच: दोन्ही बाजूंना समान. गवंडी भिंतीचा कोपरा ‘गुण्यात’ आहे की नाही हे पाहताना गुण्या उलटून लावतो, तेव्हा तोही युक्लिडचीच व्याख्या तपासत असतो.

गेल्या पंचवीस वर्षांत चित्र पुष्कळ बदलले आहे. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीचे उतारे संगणकावर आणले. महाराष्ट्रातही सातबारा ऑनलाइन झाला. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊ लागली आणि शेतांच्या मोजणीसाठी उपग्रहाच्या संकेतांवर चालणारे रोव्हर आले. रोव्हरला काटकोनाची गरज नाही. तो कोपऱ्याचे स्थान थेट अक्षांश-रेखांशांत सांगतो. यामुळे काटकोनाचा प्रश्न इतिहासजमा झाला, असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात तो आता उघडा पडत आहे. कारण रोव्हर फक्त आजचा दगड कोठे आहे हे सांगतो. तो कोठे असावयास हवा, हे अजून जुन्या टिपणावरून ठरवावे लागते. अचूक यंत्राने जुन्या आकड्यांची पुनर्मांडणी केली, की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या झिजलेल्या खाचेची चूकही सेंटिमीटरपर्यंत अचूक होऊन नकाशावर उमटते. उताऱ्यांचे संगणकीकरण झाल्यावरही भांडणे का मिटत नाहीत, याचे हे एक कारण आहे. उताऱ्यात क्षेत्र असते, आणि क्षेत्र बहुधा बरोबरच असते. भांडण क्षेत्राचे नसून स्थानाचे असते.

यावर काय करावे? माझ्या मते दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. पहिली यंत्रणेसाठी. हद्द कायम करताना केवळ वादग्रस्त कोपरा टिपणावरून काढू नये. त्याच मुख्य रेषेवरील, जागेवर शिल्लक असलेले इतर जुने दगडही तपासावेत. मुख्य रेषेच्या एकाच अंगाच्या सर्व लंबांचे पाये एकाच दिशेला आणि लंबांच्या लांबीच्या प्रमाणात सरकलेले आढळले, तर दोष शेजाऱ्याचा नसून मूळच्या ठोकळ्याचा आहे, हे स्पष्ट होते. कारण ठोकळ्याच्या दोषाला नियम असतो; दगड सरकविणाऱ्याच्या हाताला तो नसतो. एवढा एक निष्कर्ष मोजणीच्या अहवालात लेखी नोंदला गेला, तर दोन घरांतील पिढीजात संशय पुष्कळ कमी होईल.

दुसरी गोष्ट वाचकांसाठी. महाराष्ट्राबाहेर, म्हैसूर-बंगळूरला किंवा परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची वडिलोपार्जित जमीन गावाकडे आहे. मोजणीची नोटीस येते, आणि भाऊ किंवा चुलते आहेत म्हणून आपण जात नाही. वर्षातून एकदा ऑनलाइन उतारा पाहून क्षेत्र तेवढेच आहे, याचे समाधान मानतो. पण वर पाहिल्याप्रमाणे क्षेत्र तेवढेच राहूनही बांध हलू शकतो. म्हणून केवळ उताऱ्यावर विसंबू नये. टिपणाची आणि असल्यास फाळणीची नक्कल मागवून घ्यावी. हद्दीचे कोणते दगड जागेवर आहेत, ते वडीलधाऱ्यांकडून समजून घ्यावे व त्यांची नोंद ठेवावी. आणि शक्य असेल तर मोजणीच्या दिवशी स्वतः बांधावर उभे राहावे. तो दिवस साधण्यासाठी रजा काढावी लागली, तर ती सत्कारणी लागली असे समजावे.

पद्धत लिहिणाऱ्यांनी साखळीला सोळा आणे आणि एकराला चाळीस गुंठे दिले. हेतू कोणताही असो, त्यामुळे शेतकऱ्याला हिशेब तपासण्याची सोय झाली. काटकोन तपासण्याची सोय तर त्याला कोणी द्यावीच लागली नाही. ती दोरीत आणि दोन खुंट्यांत पूर्वीपासून होतीच. शासनाने लोकांपुढे ठेवलेल्या आकड्यांपैकी किती आकडे सामान्य माणसाला स्वतःच्या हाताने पडताळून पाहता येतात, हा प्रश्न मोजणीखेरीज इतर खात्यांनाही विचारण्यासारखा आहे. त्याविषयी पुन्हा केव्हा तरी लिहीन.